माफ केलं, पण घर कोणाच्या नावावर?

"लोकांना हेच पाहिजे" हे वाक्य मराठी मालिका काढणाऱ्यांच्या तोंडी इतकं बसलंय की त्याच्यापुढे कोणी काही विचारतच नाही. सासू सुनेच्या औषधात काहीतरी कालवते, लोकांना हेच पाहिजे. नवरा ऑफिसातल्या बाईच्या नादी लागतो, लोकांना हेच पाहिजे. चार वर्षं छळ सोसून नायिका शेवटच्या रविवारी, दोन तासांच्या महाएपिसोडात, त्याच घरात परत येते. ज्यांनी तिला बाहेर काढलं त्यांना एकेक करून माफ करते. सगळे देवघरासमोर हात जोडून उभे राहतात आणि मालिका संपते. तेही लोकांनाच पाहिजे असतं म्हणे. मला हे मान्य नाही. आमच्याकडच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच बायकांना असा शेवट नको असतो. त्या तो बघतात, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत बघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडतात. बघणं मोजलं जातं, भांडण कोणी मोजत नाही.

मालिकेचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की बोलणं त्यातल्या नटनट्यांवर जातं. आणि तसाही हा शेवट काही एकाच मालिकेचा नाही. वेगवेगळ्या वाहिन्यांवर वेगवेगळ्या साड्या नेसून तो येऊन गेलाय. गोष्ट थोडक्यात अशी. मोठं एकत्र कुटुंब, कापडाचा धंदा, सासरे अंथरुणाला खिळलेले, थोरली सून धंदा सावरते. धाकटे दीर-जाऊ फसवून तिच्या सह्या घेतात, सगळं आपल्या नावावर करतात आणि तिला चोर ठरवून घराबाहेर काढतात. नवरा गप्प. ती पोळीभाजी केंद्र काढते, चार बायकांना काम देते, मोठी होते. शेवटच्या भागात धाकट्या जावेला पोलीस घेऊन जातात, सासू रडते, नवरा मान खाली घालतो आणि ही सगळ्यांना पोटाशी धरते.

दुसऱ्या दिवशी आमच्या वावरात कापसाचा दुसरा वेचा सुरू होता. वेचणाऱ्या बाया थांबून बोलत नाहीत. मजुरी किलोवर असते, किलोमागे दहा-बारा रुपये, म्हणून हात बोंडावर आणि तोंड मोकळं. जिची पात पुढे गेली तिचं वाक्य पुढून येतं, मागे राहिलेली तिथूनच उत्तर देते, आणि मधल्या दोघी दोन्हीकडचं ऐकत कमरेची ओटी भरत असतात. त्या दिवशी सुरुवात झाली ती एका पन्नाशीच्या बाईपासून. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो.

"तिनं समद्यायले माफ केलं, ते बरं केलं," मावशी म्हणाली. "पन तिची माफी कोनं मांगतली?"

"सासू रडली ना वं."

"रडली. रडनं म्हन्जे माफी व्हय का? अन् घर कोनाच्या नावानं हाये आता?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. दोन तासांच्या त्या भागात हे सांगितलंच नव्हतं. जावेला बेड्या पडल्या, पण कागद कोणाकडे गेले? सासऱ्यांनी पुन्हा स्वतःच्या नावावर केलं, मुलाच्या केलं, की जिने ते वाचवलं तिच्या? मावशीने पात संपवून ओटी पोत्यात रिकामी केली आणि जाता जाता म्हणाली, "मंग कायचा शेवट, बाप्पा!"

मी गावातल्या बचत गटांचं दप्तर लिहिते. त्यामुळे कागद कोणाच्या नावावर, हा प्रश्न मला रोज दिसतो, आणि मावशीने विचारलेलं मला हसण्यावारी नेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर सोसायटीचं पीककर्ज मिळत नाही. अतिवृष्टीची मदत आली की ती ज्याचं नाव त्याच्या खात्यात जाते. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार येतात, तेही जमीनधारकाला. वावरात राबणारी बाई, वेचणारी बाई, निंदणारी बाई, पण बँकेच्या खिडकीशी तिला पहिला प्रश्न येतो तो नावाचा. घरकुल मंजूर होतं तेव्हा ते बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करायचं असतं, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावा, असा शासन निर्णय तर २००३ सालीच निघालाय. किती घरांना तो लागला हे त्या-त्या गावाने आपल्यापुरतं बघावं. आणि बहिणींचा हक्क म्हणाल तर ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच वाटेकरी आहे. बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता यावरून पुढे वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला. तरी भाऊबीजेला साडी येते आणि साडीच्या मागोमाग हक्कसोडीचा कागद येतो. सही करणारीला माहेर तुटायला नको असतं. हे सगळं ज्यांच्या घरात घडून गेलंय त्या बायका मालिका बघतात.

आता मालिकेतले कागद बघा. एक निळी फाईल असते. घाईची वेळ असते, कुंकवाच्या कार्यक्रमाला बाया जमलेल्या असतात, जाऊ पेन पुढे करते आणि नायिका न वाचता सही करते, कारण ती भोळी आहे. त्या एका सहीने बंगला, दुकान, गोडाऊन, सगळं त्याच रात्री जावेचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही घराबाहेर. पाचवी शिकलेली बाईसुद्धा हे बघून हसते. दस्त करायचा तर दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं, तिथे फोटो निघतो, अंगठा लागतो, ओळखीचे दोन साक्षीदार उभे करावे लागतात. मग शेत असेल तर तलाठी फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली की त्याची तक्रार नोंद होते आणि वर्ष कधी पालटतं कळत नाही. आमच्या गटातली एक जण नवरा गेल्यावर वारसाच्या नोंदीसाठी दिराच्या हरकतीपायी इतक्या वेळा तालुक्याला जाऊन आली की एसटीचा कंडक्टर तिला तिकीट काढताना गावाचं नाव विचारत नाही. त्या नोंदीवर दोनशे भागांची मालिका सहज होईल आणि तिच्यात खोटा अपघात, स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारी दुसरी बाई, यांतलं काही घालायची गरज पडणार नाही.

म्हणजे मालमत्तेचा विषय मालिकेत आम्ही आणलेला नाही. तो त्यांनीच आणला. दीडशे-दोनशे भाग फाईल, सही, वारस, मृत्युपत्र यांवर चालवले. बाईला घराबाहेर काढलं ते कागदाच्या जोरावर. मग परत आत घेताना कागद कुठे गेला? प्रश्न तुम्ही काढायचा आणि उत्तराच्या वेळी आरती सुरू करायची, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

त्या दिवशी वावरात सगळ्याच जणी मावशीच्या बाजूने होत्या, असं मात्र नाही. एकीला शेवट मनापासून आवडला होता. "मले तं रडू आलं वं," ती म्हणाली, "घर मोडलं नाई, हे काय कमी हाये का?" ही बाई तीन वर्षं माहेरी राहून परत आलेली आहे. माहेरी भावजयीच्या हाताखाली राहणं काय असतं हे तिला ठाऊक आहे, आणि परत येताना तिच्यासाठी कोणी उंबऱ्यावर आरतीचं ताट घेऊन उभं नव्हतं, हेही ठाऊक आहे. टीव्हीत कोणीतरी उभं राहिलं, याचं तिला बरं वाटलं. तिला भाबडी म्हणायचं माझ्या जिवावर येतं. जिला दुसरं घर नाही तिला पहिलं घर शाबूत राहणं ही भावनेची गोष्ट नसते, डोक्यावरच्या छताची असते. फक्त एवढंच की ती सुद्धा सांगते की परत आल्यावर सासऱ्याने तिच्या नावाने एक एकर लिहून दिलं असतं तर ती रात्री निवांत झोपली असती. म्हणजे मावशीचा आणि हिचा मुद्दा शेवटी एकाच कागदाशी येतो. एक तो मागते, दुसरी तो मिळणार नाही हे धरून चालते.

बारावीतली एक पोट्टी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचायला आली होती. तिचं तिसरंच. "तिचं स्वतःचं केंद्र होतं, भाड्याचं का होईना घर होतं, मग परत गेलीच कशाला?" यावर सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. नवरा टाकून देऊ का, पोरं कोणाकडे राहतील, म्हातारी सासू कोण बघेल. पोरगी काही मागे हटली नाही. मला वाटतं मालिकेच्या लेखकाला जे चार वर्षांत जमलं नाही ते त्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, अर्ध्या तासात झालं. एकाच शेवटाला तीन पिढ्यांनी तीन वेगळ्या बाजूंनी धरलं आणि कोणीच कोणाला खोटं पाडू शकलं नाही.

पुरुष मालिका बघत नाहीत, असं पुरुष सांगतात. पानठेल्यावर कोणी शेवटाचा विषय काढला की "बायकांच्या मालिका" म्हणून उडवून लावतात, आणि लगेच दुसरा विचारतो की त्या धाकट्या दिराला पोलिसांनी का सोडलं, जावेलाच का नेलं. हे न बघता कसं कळलं, ते त्यांचं त्यांना माहीत. हिवाळ्यात शेतीची लाईन ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात माणसं नऊ-दहाला ओलितावर निघतात, तोवर टीव्हीसमोर बसूनच जेवतात. दिराचा प्रश्न मात्र त्यांनी बरोबर काढला होता. दोघांनी मिळून केलेला गुन्हा, शिक्षा बाईला.

या तुरुंगाच्या शेवटाबद्दल माझं आणि बऱ्याच प्रेक्षकांचं पटत नाही, तेही सांगून टाकते. खलनायिकेला बेड्या पडल्या की आमच्याकडे टाळ्या पडतात. प्रोमोत सुद्धा तेवढीच थोबाडीत आणि तेवढ्याच बेड्या पुन्हा पुन्हा दाखवतात. मला तो सगळ्यांत सोपा पळ वाटतो. खलनायिका तुरुंगात गेली की घर निर्दोष सुटतं. नवरा गप्प बसला होता, सासूने सुनेची बॅग स्वतःच्या हाताने दाराबाहेर ठेवली होती, सासऱ्यांनी कागद न विचारता पोराच्या हातात किल्ल्या दिल्या होत्या. त्यांतलं कोणी वाईट नव्हतं, सगळी तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती, आणि बाईला बाहेर काढलं ते याच माणसांनी. एका दुष्ट बाईच्या माथी सगळं मारून मोकळं व्हायचं, यात प्रेक्षकही सामील असतो. टाळ्या वाजवताना आपल्या घरातला गप्प बसलेला नवरा कोणाला आठवत नाही.

आता "लोकांना हेच पाहिजे" हे कळतं कशावरून, ते बघू. ते कळतं मीटरवरून. देशात बार्क नावाची संस्था २०१५ पासून टीव्ही कोण किती बघतं ते मोजते. गावातली घरं मोजणीत आली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. घरात एक यंत्र बसवतात. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळं बटण असतं, समोर बसलं की आपलं बटण दाबायचं. मीटर असलेली घरं पंचावन्न हजारांच्या आसपास, आणि देशात टीव्ही असलेली घरं २०२० च्या अंदाजाने २१ कोटी. म्हणजे एकेका घरामागे पावणेचार हजारांहून जास्त घरांचा भार. नमुना म्हणून हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. भाताचं शीत दाबून बघतात, अख्खं भांडं कोणी चिवडत नाही. पण त्या यंत्राला एवढंच कळतं की अमुक घरात अमुक बाई साडेआठ ते नऊ बसली होती. ती बसून शिव्या देत होती की डोळे पुसत होती, हे कळायला बटण नाही. आमची मावशी, ती माहेराहून परत आलेली बाई आणि ती बारावीतली पोरगी, तिघींचं त्या यंत्रात एकच होतं: पाहिलं.

त्याहून मला टोचतं ते वेगळंच. ही घरं कोणत्या थरातली, हे ठरवायला एक वर्गवारी वापरतात. तिला दोन गोष्टी लागतात. एक, घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण. दुसरी, अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. होय, शेतजमीन त्या यादीत आहे. घराकडे जमीन आहे का, एवढं विचारतात. कोणाच्या नावावर आहे, हे विचारायचं कारण नाही, कारण जाहिरात देऊन साबण विकणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे मालिका बघणार बाई, आणि तिची पत ठरणार नवऱ्याच्या शिक्षणावर आणि नवऱ्याच्या नावच्या जमिनीवर. मावशीने जो प्रश्न मालिकेला विचारला, तो तिला मोजणाऱ्या यंत्रालाही लागू पडतो.

एके काळी असं नव्हतं. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा भाग संपल्यावर अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे आणि लोक पत्रं लिहायचे. दीड वर्षाच्या आत मालिका संपली तोवर चारेक लाख पत्रं आली होती. तिलाही प्रायोजक होताच, दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स तिच्याच बरोबर घराघरांत शिरल्या, त्यामुळे तो काही संतांचा काळ नव्हता. पण पत्रात माणूस कारण लिहितो. मला हे पटलं नाही, कारण माझ्या नणंदेचं असं झालं. टीआरपीत "कारण" हा रकानाच नाही. आता म्हणाल की मोबाइलवर लोक लिहितातच की. लिहितात, पण आमच्या मावशीला लिहिता येत नाही. आणि ज्यांना येतं त्या, नवरा किंवा दीर त्याच मोबाइलवर बघेल म्हणून, हृदयाचं चिन्ह टाकून गप्प बसतात.

माझं माहेर वडसा-देसाईगंजकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. तिथे दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथे येऊन तारखा घेतात, आणि मंडईच्या (म्हणजे गावच्या जत्रेच्या) नाहीतर शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेला संपतं. त्या रात्री घरोघर पाहुणे असतात, सोयरिकी जमतात, वर्षाची उधारी मिटते. नाटकं बहुतेक कौटुंबिकच: कुंकू, सौभाग्य, वचन, बापाची इस्टेट. मालिकेत जे असतं ते सगळं तिथेही असतं, रडणं जास्तच असतं. पण तिथे नट प्रेक्षकाचं तोंड बघत असतो. गाणं आवडलं की वन्स मोर, नाही आवडलं तर मागच्या रांगा उठून चहाच्या टपरीवर. शेवट पटला नाही तर पहाटे घरी जाणारी माणसं कंपनीवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात, आणि पुढच्या गावच्या मंडळाच्या कानावर ते त्याच दिवशी जातं. तारीख मिळायची तर ऐकावं लागतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीतले नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीची ओळख करून दिली, जणू काही ती तेव्हा उगवली. मालिकावाल्यांनी एक रात्र तिथे मांडवात खाली बसून काढावी. खेड्यातला प्रेक्षक भाबडा असतो हा समज पहाटेपर्यंत टिकणार नाही.

शेवट असे का होतात, याचं कारण बऱ्याचदा साधं असतं. परदेशी बऱ्याच मालिकांना हंगाम असतो, किती भाग हे आधी ठरतं. आमच्याकडे मालिका आकडे येतील तोवर चालते आणि आकडे पडले की वेळ दुसऱ्या मालिकेला जाते. मग जे चार वर्षं ताणलं ते पंधरा दिवसांत गुंडाळायचं. तिथे सातबारा कोण बघत बसणार? ही अडचण मला कळते. पण ती वाहिनीची अडचण आहे, "लोकांची आवड" म्हणून तिचं बारसं करू नये.

मालिका ही करमणूक, तिच्याकडे फेरफाराची अपेक्षा कशाला, असं कोणी म्हणेल. करमणूक मलाही हवी. पण हिशोब मागणारी बाई लोकांना कंटाळवाणी वाटते, याला पुरावा नाही, उलट पुरावा आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ चालली आणि बराच काळ टीआरपीत वर होती. तिच्यातली राधिका नागपूरची, आमच्यासारखं बोलणारी. टीव्हीत आमची बोली तोवर बहुतेक कामवालीच्या नाहीतर विनोदी नटाच्या तोंडी असायची. तिथे ती नायिकेच्या तोंडी आली. नवऱ्याने गावंढळ म्हणून टाकलेली ही बाई मसाल्यांचा धंदा उभा करते. पुढे त्या मालिकेतही नको तितकं पाणी घातलं, ते असो. पण राधिकेने नवऱ्याला पैशाचा जाब विचारला की आमच्या गल्लीत आवाज वाढायचे, हे मी ऐकलेलं आहे.

दुसरी शंका जास्त खरी आहे. प्रेक्षक सांगेल तसा शेवट लिहायचा, तर लेखक कशाला? मी तसं मागत नाही. हात वर करून मतदान घ्या आणि शेवट ठरवा, असं झालं तर नाटकही मरेल आणि मालिकाही. लेखकाने नायिकेला हरवावं, खुशाल हरवावं. वावरात मावशी हेच म्हणाली होती: "हारली असती तं चाललं असतं. कोर्टात हारतेच मानूस." जमिनीच्या दाव्यांत बारा-बारा वर्षं काढलेल्या लोकांना हरण्याचं नवल नाही. नायिका घरात परत आली आणि कागद दिराच्याच नावावर राहिले, तिने ते जाणून, डोळे उघडे ठेवून पत्करलं, असा शेवट असता तरी बायका रडल्या असत्या, आणि त्या रडण्यावर कोणी हरकत घेतली नसती. लेखकाने शेवट सुखाचा करावा की दुःखाचा, हा त्याचा हक्क. आधी विचारलेलं विसरल्याचं सोंग करणं मात्र त्या हक्कात बसत नाही.

मोठं काही बदलावं लागलं नसतं. तोच महाएपिसोड, तोच दिवाणखाना, तीच रडणारी सासू. हात जोडून ती "घरी चल" म्हणते तेव्हा नायिकेने एवढंच विचारायचं की घराचा उतारा कोणाकडे आहे, आणि त्यावर आता कोणाचं नाव आहे. सासऱ्यांनी पुढे काय उत्तर द्यायचं ते लेखकाने ठरवावं.